जाळीवरचा लाडोबा

प्राण्यांच्या दवाखान्याच्या दारातच दोघं एकमेकांवर आदळली – अगदी समोरासमोर! तिच्या हातातला पिंजरा कलला. आत कुणीतरी चिरकलं.

“उंदीर?” त्यानं वाकून विचारलं.

“चिंचिला आहे तो! आणि तुम्ही डॉक्टर ना?”

“आजपासूनच...” तो ओशाळला.

हसू आलं, पण तिनं ते गिळलं. लाडोबा तीन दिवस मागचा पाय टेकवत नव्हता. खारीसारख्या झुपकेदार शेपटीचा, मऊ मऊ राखाडी जीव... डॉक्टरनं टेबलावर त्याचा तळवा अलगद उलटला. घट्टा पडून फुटला होता, आत पू.

“पिंजऱ्याचा तळ जाळीचा आहे?”

“हो. रोज घासते मी. लख्ख!”

“तीच रुततेय त्याला. काढून टाका. हाडापर्यंत गेलं, तर पाय कापावा लागेल.”

ती जाळी बाबांनी विणली होती, एकेक तार वाकवून. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणजे ती बाबांची आठवण जपत बसली, आणि लाडोबाचा पाय...

“माझ्याच्यानं नाही व्हायचं,” ती पुटपुटली.

“मी येतो.”

संध्याकाळी तो पक्कड घेऊन तिच्या घरी हजर! एकही तार न तोडता त्यानं जाळी सोडवली, गुंडाळून तिच्या हातात दिली. तळाला फळी बसवली, वर जुन्या शालीचा तुकडा.

“डॉक्टर, माझ्या गुडघ्यांचंही बघा की जरा,” तिची आई म्हणाली.

मग तो रोज पट्टी बदलायला येऊ लागला. ती लाडोबाला धरायची, तो पट्टी गुंडाळायचा. एवढ्याशा पायावर चार हात! बोटांना बोटं लागायची... आणि दोघंही मान खाली घालून पायाकडेच बघायची.

तरी पायाचं एक बोट गेलंच. त्या दिवशी ती खूप रडली. तो शेजारी बसून राहिला.

पाय मात्र वाचला. शेवटची पट्टी सुटली, तसा लाडोबा जरा थबकला – आणि चारही पाय टेकून तुरुतुरु पळाला.

“उद्यापासून पट्टी नाही,” दाराशी बूट घालता घालता तो म्हणाला. “म्हणजे... मला यायला काही कारण नाही.”

तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“बाबा गेल्यापासून या घरातला खिळासुद्धा मी कुणाला हलवू दिला नव्हता. तुला दिला. आणखी कसलं कारण हवंय?”

त्याचा एक बूट घालून झाला होता. तो त्यानं परत काढला.