बिनबटणांचा कोट

"हे काय करू राहिली तू, विमल?" नानांचा आवाज एवढा चढला, की चुलीपुढची त्यांची बायको धुरपदाबाई हातातली पोळी तशीच टाकून बाहेर आली.

विमलच्या मांडीवर नानांचा जुना खाकी कोट होता, सुईत दोरा ओवलेला होता, आणि शाळेतून येताना शनवाऱ्याच्या बाजारातून घेतलेली पितळी बटणं पदरात होती. माघाची थंडी बोचत होती, आणि नाना मात्र इतकी वर्षं तो कोट सुतळीनं बांधून वावरत होते!

"बटणं लावते, नाना. उघड्या छातीवर वारा घेत फिरता."

"ती हुकमानं कापली होती. हुकमानंच लागतील."

"पण आता संस्थानच उरलं नाही! हुकूम देणार कोण?"

"म्हणून तर नाही लागणार," नाना म्हणाले, आणि कोट ओढून घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

"साऱ्या जिंदगीत एक हुकूम मोडला या माणसानं," धुरपदाबाई पुटपुटली, "अन् बाकीचे सारे असे पाळू राहिला, व माय!"

तो एक हुकूम... विलीनीकरण मागत लोक संस्थानच्या कचेरीपुढं बसले होते, बायापोरांसकट. गोळी चालवा, असं फर्मान सुटलं, आणि हवालदार चुडामण, म्हणजे नानांनी, आपल्या तुकडीला बंदुका खाली करायला लावल्या. "पोरांनी माझं ऐकलं. गुन्हा माझ्या एकट्याचा," एवढंच ते साहेबापुढं बोलले. तुकडीतली पोरं शिक्षेतून वाचली. नानांना मात्र बडतर्फ करून त्यांच्या कोटाची बटणं साऱ्या पलटणीसमोर कापली गेली. पुढं संस्थान विलीन झालं, पोरं नव्या फौजेत गेली, आणि नाना बुऱ्हाणपूरला परतले ते सुतळी बांधूनच. सुभेदाराच्या घरी ठरलेलं विमलचं लग्न मोडलं. "हुकूम मोडणाऱ्याची मुलगी नको," असा निरोप आला. विमल रडली नाही, भांडली नाही. तिनं शाळेत नोकरी धरली, घर सावरलं, मिळतील ती पुस्तकं वाचली... पण त्या दिवसाबद्दल नानांशी एक अक्षर काढलं नाही.

संध्याकाळी ती चहा घेऊन ओट्यावर गेली, तेव्हा नाना कोटाची सुतळी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"पोरी, एक विचारू? मी... चुकलो का गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! विमलनं कप त्यांच्यापुढं सरकवला.

"चहा थंड होतोय, नाना," ती म्हणाली, आणि आत गेली.

सकाळी नाना उठलेच नाहीत.

अंगणात तिरडी बांधली जात होती, तेवढ्यात खबर ऐकून जवळच्या फोपनार गावाहून सुकलाल आला. नानांच्या त्याच तुकडीतला शिपाई, आता नव्या फौजेत नाईक, सुटीवर आलेला. वर्दीवरची बटणं उन्हात झळकत होती. तो नानांच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "माझी वाचवली, ताई... अन् स्वतःची कापून दिली!"

विमल उठली. कोट आणि बटणं घेऊन ती नानांपाशी बसली. सुईत दोरा जाईना. धुरपदाबाईनं तो ओवून दिला.

"ताई," सुकलाल डोळे पुसत हळूच म्हणाला, "नानांना चालेल का? हुकमाशिवाय ते..."

विमलचा हात थांबला. जमलेल्या साऱ्या गल्लीसमोर ती ताठ उभी राहिली.

"हवालदार चुडामण!"

सुकलाल ताडकन उठला. त्याच्या टाचा आपोआप जुळल्या.

"कोटाला बटणं लावायचा हुकूम मी देतेय!" तिचा आवाज फाटला. ती खाली वाकली, नानांच्या थंड कपाळाला कपाळ टेकवलं... "चुकला नव्हता तुम्ही, नाना. माझं लग्न मोडलं, तेव्हासुद्धा नाही!"