नऊ पोत्यांतली आमरी

"कोणीतरी खणून नेल्या!" उषा मटकन खाली बसली.

उतारावर गुडघाभर खड्डा पडला होता. तिथं अकरा आमरी होत्या. आमरी म्हणजे ऑर्किड. पावसाळ्यात पांढरी फुलं येतात, दिवाळीपर्यंत पानं वाळतात आणि मातीत नुसता कंद उरतो. सातपुड्याच्या या टेकड्यांत त्या इथंच उगवायच्या. उषाची आई, यशोदाबाई, दरवर्षी पानं वाळली की भोवती काटेरी कुंपण घालायची. या उन्हाळ्यात ती वारली. जाताना म्हणाली होती, "फुलसले सांभाळजो, बेटा." यंदा कुंपण उषानं घालायचं होतं. चार दिवसांचा उशीर झाला होता.

"कंद विकणारी टोळी असणार!" शेजारच्या बबलूचे डोळे चमकले.

"गप रे! ती रडतेय," हेमांगीनं त्याला दटावलं. हेमांगी बबलूची आतेबहीण. दिवाळीच्या सुट्टीत भुसावळहून आली होती, ती गृहपाठाची वही घेऊनच. विषय होता, कोणत्याही दोन सजीवांची तुलना. तिनं एका बाजूला बीव्हर हा परदेशी प्राणी लिहिला होता, दुसऱ्या बाजूला आमरी. 'साम्य' या रकान्यात 'काही नाही' लिहून ती मोकळी झाली होती.

"तुझा तो धरण बांधणारा उंदीर माती कुठून आणतो गं?" उषानं नाक पुसत विचारलं.

हेमांगीनं वाचलं, "जवळची, ओली, मऊ..."

तिघंही एकदम खाली नाल्याकडे पाहू लागले. गावानं चार दिवसांपूर्वीच तिथं मातीच्या पोत्यांचा बंधारा घातला होता!

"शेवटची पोती या बाजूनं भरून आली, तेव्हा सुतळी संपली होती," बबलू पुटपुटला. "वरची नऊ पोती पळसाच्या सालीनं बांधलीत. मीच साल सोलली!"

त्यांनी अभिमननानांना गाठलं. बंधारा त्यांच्याच देखरेखीखाली झाला होता.

"पोतं उघडानं नही!" नाना कडाडले. "बठ्ठं पानी वाही जाई. सकाय साहेब येवाव शेत."

सगळं पाणी वाहून जाईल आणि उद्या तर साहेब बंधारा पाहायला येणार, असं बजावून नाना बाजाराला गेले. मुलांनी नाल्यातली वाळू भरून नऊ नवी पोती तयार केली. "बीव्हर रोज दुरुस्ती करतो. आपणही दुरुस्तीच करतोय!" हेमांगी म्हणाली. एक पोतं काढायचं, लगेच तिथं दुसरं ठेवायचं. हात सोलवटले, पण पाणी जागचं हललं नाही!

काढलेल्या पोत्यांतली माती उषानं बोटांनी चाळली. पहिला कंद फावड्यानं चिरलेला होता. दुसरा कुजलेला. संध्याकाळपर्यंत धड असे तीनच सापडले.

"काय चाललं रे हाई?" नाना परतले होते.

उषानं ओंजळ पुढे केली. यशोदाबाईंचं कुंपण नानांनी दरवर्षी पाहिलं होतं. यंदा ते दिसलं नाही, म्हणून त्यांनीच तिथली माती काढायला सांगितली होती.

"मन्ही चूक व्हयनी, बेटा," ते हळूच म्हणाले. मग बंधाऱ्याकडे बघत राहिले. "पानी बी राखं, कंद बी राखा. शाबास रे पोरेहो!"

तीन कंद त्याच मातीत परत लावले. कुंपणाचे काटे नानांनी स्वतः आणले. हेमांगीनं 'काही नाही' खोडलं आणि लिहिलं, 'दोघांनाही जवळची, ओली, मऊ मातीच लागते.'

"उगवतील ना गं?" उषानं विचारलं.

हेमांगीला खोटं बोलवेना. "पावसाळ्यात कळेल," ती म्हणाली, आणि दोघी कुंपणापाशी बसून राहिल्या.