लाल फाटकापर्यंत

"थांबा! हा पट्टा कुणी मारला?"

गोटीने सायकलचा ब्रेक इतका करकचून दाबला, की मागून येणारा प्रोफेसर तिच्यावर आदळला आणि त्याच्या मागे डबलसीट बसलेला टिल्लू थेट गवतात गेला.

"मेलो, मेलो!" टिल्लू ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली. या सुट्टीत मावशीच्या घरी तो शब्द काढायचा नाही, अशी त्याला बसमध्येच तंबी मिळाली होती.

गोटीचं तिकडे लक्षच नव्हतं. बंद पडलेल्या खाणीकडे जाणारा तो रस्ता टेकडीवरून उतरायचा आणि सपाटीवर खाणीच्या लाल फाटकाशी संपायचा. कडेच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचे पट्टे होते, एकापुढे एक. सगळे बाबांनी मारलेले.

बाबांची पद्धत ठरलेली होती. गाडीला नवीन काही जोडलं, की भल्या पहाटे ती टेकडीवर न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि उतारावर सोडून द्यायची. थांबेल तिथे भिंतीवर पट्टा. "गाडीला अडवते ती हवा!" ते सांगायचे. "पुढून ढकलते, मागून ओढते. तिला न दुखावता सटकायचं." त्यासाठी चाकांवर पातेल्यांची झाकणं बसली, तोंडाशी पुठ्ठा, पोटाखाली प्लास्टिकचा पत्रा आणि मागे प्लायवूडची निमुळती शेपटी. शेजाऱ्यांना त्यात मासा दिसायचा. आईला फक्त आपली झाकणं दिसायची. एकदा तरी गाडी आपल्याआपण लाल फाटकापर्यंत जावी, एवढीच बाबांची हौस. ती राहून गेली. हिवाळ्यात बाबा गेले.

आणि आता त्यांच्या शेवटच्या पट्ट्यापुढे आणखी पट्टे होते. ताजे!

"चोर!" टिल्लू कुजबुजला.

"गाडी नेतो आणि परत आणून ठेवतो? तो चोर नव्हे, भाडेकरू," प्रोफेसर म्हणाला. तो गोटीचा मावसभाऊ. चष्मा जाड, आणि दोन ओळींचं उत्तर असेल तर चार ओळी बोलायची सवय. टिल्लू त्याचा धाकटा भाऊ.

तिघं घरामागच्या शेडमध्ये शिरली. ताडपत्रीखाली गाडीवर धूळ नव्हती. बाबांनी शेपटीवर लोकरीचे पिवळे तुकडे चिकटवले होते. हवा सुरळीत गेली, तर तुकडा गप्प पडून राहतो. हवा अडखळली, तर फडफडतो. त्या पिवळ्यांत आता मोरपंखी तुकडेही होते.

गोटीने एकावर बोट ठेवलं. "हा बाबांचा स्वेटर आहे."



"काकांचं कपाट कुणी आवरलं?" प्रोफेसरने विचारलं.

"मामानं."

तेवढ्यात मामा दारात आला. हातात करवत! "काय रे, इथे काय खलबतं? उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. शेपटी कापून गाडीला जरा माणसात आणतो. ताईला सांगितलंय मी, डोळ्यांसमोर असेल तोवर तुला त्रासच." मामा वाईट नव्हता. दुसऱ्याचं दुःख पटकन आवरून टाकायची घाई असलेल्या माणसांपैकी तो एक होता, एवढंच.

"थांब मामा!" गोटी किंचाळली. "शेपटीत गांधीलमाश्या आहेत!"

"कुठायत?"

टिल्लू केव्हाच डिकीतून आत सरकला होता. शेपटीतून घूंऽऽऽ असा आवाज घुमला. लहानपणी कपाळाला डसलेली गांधीलमाशी मामाला आठवली असावी, कारण करवत तिथेच पडली आणि एक चप्पल मागे राहिली.

"उद्या धूर करून बघू!" लांबून आवाज आला.

"भित्रा आहे," प्रोफेसर विचार करत म्हणाला. "भाडेकरू हा नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं फाटकाजवळच्या भिंतीआड दबा धरून बसली. टेकडीवर दिवे दिसले. मग गाडी उतरत आली, हवेतून पाण्यासारखी. सपाटीवर तिचा वेग मंदावत गेला आणि फाटकाच्या बऱ्याच अलीकडे ती थांबली. दार उघडलं.

आई होती.

हातात रंगाचा डबा आणि ब्रश. तिने पट्टा मारला नाही. भिंतीला टेकून ती रस्त्यावरच बसली, आणि कुणी ऐकणारं नाही अशा समजुतीने रडली.

गोटी धावत गेली. "आई! मला का नाही सांगितलंस?"

"तू झोपलेली असायचीस गं." आईने पदराने तोंड पुसलं. "मी नेहमी म्हणायचे, माझी झाकणं परत आणा. म्हटलं, गाडी जायच्या आत त्यांचं फाटक तरी गाठून द्यावं. गाठलं की देऊन टाकायची. पण आज शेवटचा दिवस, आणि एवढं अंतर राहिलं."

"मावशी," भिंतीआडून टिल्लू म्हणाला, "डाव्या कोपऱ्यातली लोकर नाचत होती!"

प्रोफेसरने चष्मा वर सरकवला आणि शेपटीचा डावा कोपरा चाचपला. सांध्यात फट होती. एरवी त्यावर त्याने व्याख्यान दिलं असतं. आज त्याने मुकाट्याने सायकलच्या पिशवीतली चिकटपट्टी काढली आणि फट बुजवली.

एवढ्यात मामा स्कूटरवरून आला, मागे गिऱ्हाईक. "ताई! गाडी कुठे गेली म्हणून मी घरभर—"

"एकदाच रे," आई म्हणाली. "उभा राहा तिथे."

गोटी आईशेजारी बसली आणि आईने गाडी वळवून पुन्हा टेकडीवर नेली. टेकडीवरून फाटक माचिसएवढं दिसत होतं. आईने गाडी सोडली. वाऱ्याचा आवाजही येईना. मागे एक-एक लोकर निपचित. बाबांचे पट्टे गेले, आईचे पट्टे गेले. "ये, ये, ये!" टिल्लू उड्या मारत होता. मामाही हात हलवत होता. फाटक मोठं झालं. त्याच्या गजांवरचा गंज दिसू लागला. गाडी पोचणार होती!

तेव्हा गोटीची नजर खाली गेली. आईचा पाय हळूच ब्रेकवर टेकला.

गाडी थांबली. फाटक हातभर लांब.

"अरेरे!" मामा हळहळला. मग तो वाकून चिकटपट्टी बघत राहिला. "फट कुणी शोधली?"

"गांधीलमाशीनं," टिल्लू म्हणाला.

मामाने त्याचा कान पकडला, पण ओढला नाही. "शाब्बास रे पोरांनो! भाऊजींना हे बघायला..." तो गिऱ्हाइकाकडे वळला. "साहेब, माफ करा. गाडीचं काम अजून पुरं झालेलं नाही."

आईने ब्रश गोटीच्या हातात दिला. गोटीने भिंतीवर पट्टा मारला. पट्टा वाकडा आला. बाबांचे सगळे सरळ होते.

"हातभरच राहिलं," आई म्हणाली.

"हो," गोटी म्हणाली. पायाचं तिने कुणालाच सांगितलं नाही. प्रोफेसरलासुद्धा.