चकती नसलेली झडप

खोटं वाटलं तर खुशाल सोडून द्या. पटवून द्यायची मला हौस नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर मीच टिंगल करत आलोय.

पण हे माझ्या घरात घडलंय. अजून घडतंय.

यंदाचा फेब्रुवारी. बीडजवळचं एक इंजिनिअरिंग कॉलेज. नाव सांगत नाही, नोकरी आहे माझी तिथं. आणि रात्र-बित्र काही नव्हती, भर दुपार होती.

मी समाधान. लॅबमध्ये काम करतो. आमच्याकडे हृदयाच्या कृत्रिम झडपा तपासायचं यंत्र आहे. काचेची नळी, पंप आणि रक्ताइतकं दाट व्हावं म्हणून ग्लिसरीन घातलेलं पाणी. मध्ये झडप बसवायची. पंपानं ठोका दिला की झडप उघडते, पाणी पुढं जातं. पाणी मागं फिरलं की आतली चकती पटकन मिटते... टिक. किती पाणी मागं गळलं ते मीटरवर दिसतं. एवढंच काम. यात भुताला जागा कुठं आहे, तुम्हीच सांगा.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, उज्ज्वलाताईच्या छातीत अशीच एक झडप होती. लहानपणीच्या तापानं तिची मूळची झडप खराब झाली होती. ऑपरेशन झालं आणि ताई वाजायला लागली. शांत खोलीत बसली की टिक... टिक... टिक. बाया वळून बघायच्या. ती ओशाळून पदर ओढून घ्यायची.

तिची पोरगी रोहिणी मात्र त्या आवाजावरच वाढली. आईच्या छातीला कान लावल्याशिवाय झोपायची नाही. दाजी ऊसतोडीला कारखान्यावर, म्हणून मायलेकी आमच्याकडेच, पालीला असायच्या.

दिवाळीनंतर ताईचा आवाज बसत गेला.

आधी दबका झाला... मग जवळजवळ ऐकूच येईना.

माझ्या आईला, सुभद्राबाईला, आभाळ ठेंगणं झालं. "बघ, अंगानं आपलंसं केलं त्याला! आता वाजत न्हाई. बरी झाली माझी लेक." ताईही खूश. आम्ही सगळे नारायणगडावर जाऊन नारळ फोडून आलो. गल्लीत पेढे वाटले.

तिकडं झडपेवर रक्ताची गाठ धरत होती.

अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर लागते. ताईची ती अधूनमधून चुकायची, आणि आवाज बसल्यावर "आता कशाला?" म्हणून तिनं ती सोडूनच दिली. चकती अडकत होती, म्हणून आवाज बसला होता. हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. आमच्या नळीत रक्त नसतं, तिथं गाठ होत नाही, म्हणून माझ्याही ध्यानात आलं नाही. ताई पेढे संपायच्या आत गेली.

राख सावडताना आईच्या हाताला एक कडी लागली. तिला आधी जोडवंच वाटलं. ती ताईची झडप होती. धातूची कडी तेवढी राहिली होती. आतली प्लॅस्टिकची चकती जळून गेलेली.

अस्थी राक्षसभुवनला गोदावरीत सोडल्या. पण कडी रोहिणीनं मुठीत धरली ती सोडलीच नाही.

तेव्हापासून पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. कडी कानाशी धरून टक्क जागी. जेवण तुटलं. गालफडं बसली. डॉक्टर झाले, अंगारे झाले. आई सारखी म्हणायची, "समाधान, पोरगी बी हातची जाती बघ."

मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, हिला लॅबमध्ये नेऊ. झडपेचा आवाज ऐकवू. झोपली तर झोपली.

त्या दुपारी लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी एक नवी झडप लावून पंप सुरू केला. टिक. टिक. टिक.

रोहिणीनं नळीला कान लावला. लगेच काढला.

"ही आई न्हाई, मामा."

"असंच तर वाजायचं की गं."

"न्हाई. आईचं लाव." तिनं मूठ उघडली.

"अगं, यात चकतीच न्हाई. मोकळं भोक हाय ते. वाजंल कसं?"

"लाव की मामा."

म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू दे. नाद तरी सोडील. रबराचं पॅकिंग घालून कडी नळीत बसवली. पंप सुरू केला.

पाणी पुढं गेलं. पाणी मागं आलं. यायचंच होतं, अडवायला होतं काय?

"बघितलंस?" मी म्हणालो.

आणि...

टिक.

मी पंप बघितला. नळी बघितली. कडीच्या भोकातून पलीकडची भिंत दिसत होती.

टिक... टिक...

मीटरकडे नजर गेली. मागं येणारं पाणी शून्य.

शून्य! मोकळ्या भोकातून पाणी मागं फिरत नव्हतं. काहीतरी त्याला अडवत होतं. दिसत काहीच नव्हतं.

"ही हाय आई," रोहिणी म्हणाली. नळीला कान लावला, आणि स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मला रडू फुटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटलीच नाही.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. पंप थांबला. नळीतलं पाणी स्थिर झालं...

टिक... टिक... टिक.

दारात आमच्या विभागाच्या राजश्री मॅडम उभ्या होत्या. "समाधान, तिला झोपायचंय तर पंप बंद करा ना."

"बंदच आहे, मॅडम."

"मग वाजतंय काय?"

त्या नळीपर्यंत आल्या, वाकून कडीतून आरपार बघितलं, आणि आल्या पावली परत गेल्या. त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.

माझी पाचावर धारण बसली. रोहिणीला उचललं. तिचा कान नळीपासून सुटला...

आणि आवाज बंद झाला.

सुटलो, असं वाटलं. तिला गाडीवर मागं बसवलं, ओढणीनं माझ्या कमरेला बांधलं आणि पालीचा रस्ता धरला. पोर माझ्या पाठीला छाती टेकून गाढ झोपली होती.

गावाजवळ रस्त्यात शेळ्या आल्या. मी गाडी बंद करून थांबलो.

टिक.

माझ्या पाठीवर...

टिक... टिक...

दुसऱ्याच दिवशी तिला संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि विचारलं, "हिची झडप कुठं बदललीत?"

"बदलली नाही, साहेब."

"असं कसं? चांगली वाजतेय की." त्यांनी छाती बघितली. टाक्याची खूण नाही. सोनोग्राफी केली, दोनदा केली. सगळ्या झडपा तिच्या स्वतःच्या, ठणठणीत. पुन्हा नळी लावली. बराच वेळ ऐकत बसले. मग नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मुलगी धडधाकट आहे. घेऊन जा."

मी रक्त पातळ करायच्या गोळीचं विचारलं, तर भडकले. "वेड लागलंय का? चांगल्या पोरीला ही गोळी दिलीत तर कुठूनही रक्त वाहायला लागेल."

रोहिणी मात्र आनंदात. "मामा, मी बी वाजती!" आता जेवते, झोपते. आई देवापुढं साखर ठेवते.

आठवडाभर बरं गेलं. मग एका सकाळी मी तिच्याजवळ चहा घेत बसलो होतो. कान देऊन ऐकलं...

आवाज दबका झाला होता.

आईनंही ऐकलं. या वेळी ती हसली नाही. कपाटातून ताईच्या उरलेल्या गोळ्या काढल्या आणि मला न विचारता पोरीला एक दिली. मग रोज देत राहिली.

आवाज पुन्हा खणखणीत झाला.

पण परवा दात घासताना रोहिणीच्या हिरड्यांतून रक्त आलं. ते थांबता थांबेना. काखेत, मांडीवर काळेनिळे डाग उठलेत. आज दुपारी मी गोळ्या हिसकावून घेतल्या.

"कशापायी घेतल्या रे?" आई ओरडली. "एक लेक घालवली आपण. आता हिला बी घालवतो का?"

इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टर म्हणतात छातीत काही नाही. काही नाही तर वाजतंय काय? आणि गोळीनं आवाज परत येतो तो कसा?

तेव्हापासून गोळी बंद आहे. हिरड्यांचं रक्त अजून पुरतं थांबलेलं नाही. आणि आवाज बसायला लागलाय.

कडी अजून त्या नळीतच आहे. काढायचं माझं धाडस होत नाही.

वाचणाऱ्यांत कोणी डॉक्टर असेल तर कृपा करून हसू नका. गोळी देऊ का नको, एवढंच सांगा. रोहिणी आत झोपलीय. मी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन दाराशी बसलोय, आणि आता उठून जवळ गेल्याशिवाय मला काही ऐकू येत नाहीये.