एअर फिल्टरमधलं ऑइल

"डावं दार जोरात ओढायचं, ऑइल सपाटीवर बघायचं आणि वायपर किंचाळला तरी घाबरायचं नाही. बाबांना तेवढं सांग हं, वहिनी."

आपली जुनी छोटी गाडी माहेरी देताना नणंदेने बजावलं होतं. खांद्यावरचं बाळ ढेकर द्यायचं नाव घेत नव्हतं. "हो हो, सांगते," म्हणत वहिनीने दार लावून घेतलं होतं.

आता त्याच गाडीच्या एअर फिल्टरमधून ऑइल ठिबकत होतं. बाळाला डॉक्टरकडे नेताना गाडी भर चौकात भसाभसा धूर ओकून बंद पडली होती. चालवत होते बाबा, म्हणजे तिचे सासरे. नवऱ्याला गाडीची सर्व्हिसिंग केलेल्या मेकॅनिकचा संशय होता. तिला बाबांचा. घाबरली की तिच्या जिभेला हाड नसायचं.

"बाबा, तुम्ही ऑइल घालता आणि घातलेलं विसरता. उद्या बाळाला कुठेतरी विसरून याल!"

बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हापासून बाळ त्यांच्याकडे झेपावायचं आणि ते हात मागे बांधून उभे राहायचे.

कायमची किल्ली काढून घ्यायची, की मेकॅनिकशी भांडायचं? ठरेना, तेव्हा नवऱ्याने मावशीला बोलावलं. मावशी विम्याच्या दाव्यांचा खासगी तपास करायची. तिच्यासमोर खोटं बोलताना लोकांना खोकला यायचा.

"चल, मयत दाखव," मावशी म्हणाली.

टॉर्च घेऊन पुढे धावलेला नवरा मागच्या चाकाजवळच्या विटेला अडखळला.

"ही कशाला इथे?" मावशीने विचारलं.

"गाडी घरंगळू नये म्हणून. आधी गाडी खिडकीखाली असायची. सुरू केली की बाळ उठायचं, म्हणून हिने इथे दारासमोर लावायला सांगितली."

मावशीने फिल्टर उचलला. इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी नळी जिथे येऊन मिळते, तिथेच तो चिंब होता. तिने नळी काढून फुंकली. "मोकळी आहे. तुंबलेली नाही."

"मग इंजिनच गेलं! पिस्टनच्या रिंगा झिजल्या!"

"अरे, लगेच भंगारवाल्याला हाक मारू नकोस."

मेकॅनिक फोनवर आधी तडकला, मग सरळ बोलला. "मॅडम, ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून दिलं होतं. जास्त नाही, कमी नाही. रिंगा झिजल्या असत्या तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडलं असतं. मी मोजलंय, चारही सिलिंडर ठणठणीत आहेत."

मग बाबांची पाळी.

"भावोजी, ऑइल कसं बघता?"

"दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना. ऑइल मोजायची पट्टी काढतो, पुसतो, परत घालतो, मग बघतो. दर वेळी खालच्या खुणेच्याही खाली. म्हणून थोडं घालतो."

"घातलेलं आठवतं?"

बाबांनी सुनेकडे बघायचं टाळलं. "आठवतं असं वाटतं. पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही."

तेवढ्यात बाळाच्या हातून चेंडू सुटला, गाडीखालून घरंगळत थेट फाटकापर्यंत गेला. नवरा त्यामागे पळाला. मावशी मात्र चेंडू गेलेली वाट न्याहाळत राहिली. मग तिने कोपऱ्यात जाऊन नणंदेला फोन केला. परत आल्यावर तिने सुनेकडे क्षणभर पाहिलं.

"वीट काढ," ती भाच्याला म्हणाली. "गाडी ढकलून सपाट रस्त्यावर घे. आणि जरा दम खा, ऑइलला बसू दे."

थोड्या वेळाने नवऱ्याने पट्टी काढली. वरची खूण ऑइलखाली पार बुडाली होती.

"अरेच्चा! म्हणजे बाबांनी खरंच..."

"बाबांनी जे दिसलं तेच केलं. दारासमोर चढ आहे. गाडीचं नाक वर, ऑइल मागे, पट्टी पुढे. भरलेलं इंजिनही तिला रिकामंच दिसणार. भावोजी भर घालत गेले, इंजिनाने जास्तीचं ऑइल घुसळलं आणि त्याचा फवारा नळीतून फिल्टरमध्ये आला. आणि एक लक्षात घे. विसरभोळा माणूस पट्टी पुसायचंही विसरला असता. यांचा एक रविवार चुकलेला नाही."

"पण सपाटीवर बघायचं, हे ताईने सांगायला नको?"

मावशी हात पुसत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती सांगणार नव्हती.

सून बाळाच्या टोपीची नाडी उगाच सोडत, बांधत होती.

"ताईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला. बाबांना सांगायला. मीच विसरले."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "माझं डोकं शाबूत आहे ना?"

तिला मान वर करवेना. तिने बाळ पुढे केलं. बाबांचे मागे बांधलेले हात सुटायला थोडा वेळ लागला.

हल्ली भेटेल त्याला ती एकच सांगते, तुम्हालाही तेच सांगते आहे: घरातलं कुणी तुमच्या एखाद्या शब्दामुळे हात मागे बांधून उभं असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा. त्यांच्या खोलीत जाऊन या.