वाचून मंजूर

तीन दिवसांची परिषद म्हणजे आम्हा डेव्हलपर मंडळींचं माहेरपण. बग घेऊन कोणी अंगावर येत नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवून दिवसभर हिंडायचं, फुकटचे मोजे आणि स्टिकर गोळा करायचे, आणि चार्जिंगचा प्लग सापडला की गड सर केल्याच्या थाटात तिथेच बसून राहायचं. एकोणीस वर्षांच्या नोकरीतली ही माझी सातवी परिषद. फरक इतकाच, की या वेळी तिसऱ्या दिवशी, दुपारी अडीचला, मोठ्या सभागृहात माझं स्वतःचं भाषण होतं. विषय होता, 'एका चुकीची चिरफाड'.

चूक आमचीच होती. कोणती रुग्णवाहिका सर्वांत जवळ आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दीड वर्षापूर्वी एका सकाळी पस्तीस मिनिटं त्याने एका रुग्णवाहिका-केंद्राचा जुनाच पत्ता धरला. केंद्र महिन्याभरापूर्वी हललेलं होतं. एका गृहस्थांना मदत उशिरा पोचली. जीव गेला नाही, पण त्यांची डावी बाजू कायमची लुळी पडली.

तो कोड लिहिणारी मुलगी टीममध्ये नवी होती. प्रत्येक गोष्टीला 'पण असं का?' म्हणायची, म्हणून आम्ही तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं. तीही हसायची. आमच्याकडे रीत अशी, की एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा आणि मगच मंजुरीचं बटण दाबायचं. तिचा कोड मी वाचायचा होता. सत्तावीस पानं होती, शुक्रवार होता, मला निघायची घाई होती. मी तो उघडला आणि बटण दाबलं. यंत्रणा सगळ्याची नोंद ठेवते. उघडल्यापासून मंजुरीपर्यंत चार सेकंद. शेवटच्या पानावर तिने मलाच विचारलं होतं, 'केंद्र हललं तर जुना पत्ता कोण पुसतो? मला कळलं नाही.' हे मी पाहिलं ते दुर्घटनेनंतर.

ती नोंद दुसऱ्या कोणी उघडलीच नाही. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं आणि तिने राजीनामा दिला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. त्याची लाज मला तेव्हाही वाटत होती.

परिषदेच्या आठवडाभर आधी तिच्या आईचा फोन आला.

"ती घरातच असते हो. मुलाखतीला गेली की तीच गोष्ट निघते. तुम्ही त्यावर भाषण देणार आहात म्हणे. तिचं नाव नका घेऊ, पण झालं ते जसंच्या तसं सांगा. तिला परत उभं राहायचंय."

"बघतो, काकू," मी म्हणालो.

माझ्या स्लाइडवर तेव्हाही 'मूळ कारण: नवख्या डेव्हलपरची चूक' असंच होतं.

पहिल्या दिवशी दुपारी त्याच सभागृहात मी मागे बसलो होतो. मंचाच्या उजवीकडे एक रुंद पडदा होता. वक्ता बोलेल ते त्यावर अक्षरांत उमटत होतं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. विषय रटाळ, जेवण नुकतंच झालेलं, त्यामुळे मी भाषण ऐकण्याऐवजी वाचतच होतो. वक्ता माहिती साठवण्याच्या पद्धतींबद्दल सांगत होता. दोन वाक्यांच्या मध्ये एक ओळ आली.

'दादा, वाचलंत का?'

वक्त्याने असं काही विचारलं नव्हतं. ओळ वर सरकली आणि निघून गेली. आजूबाजूला कोणाच्या लक्षातही आलं नाही, अर्धे लोक पेंगत होते. यंत्राचा घोळ, मी मनात म्हटलं. घड्याळात पावणेतीन झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुढे बसलो. पावणेतीनला वक्त्री पाणी प्यायला थांबली.

'दादा, वाचलंत का?'

मनात पाल चुकचुकली. शंकासुर मला दादा म्हणायची. कोड पाठवला की खुर्चीशी येऊन नेमके हेच शब्द बोलायची.

पण भुतावर विश्वास ठेवायला मला पगार मिळत नाही. दिसलेल्या दोषाचा माग काढत जायचं, हे माझं काम. सभागृहाच्या मागे काचेची खोली होती. तिथे यंत्र नव्हतं. मोठे हेडफोन लावलेल्या, पन्नाशीच्या एक लघुलेखिकाबाई होत्या. बोटं थांबेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो.

"ताई, ती मधलीच ओळ कोणाची?"

"ती पोरगी विचारते ना, तिची. कालपण विचारत होती."

"कुठली पोरगी? श्रोत्यांत माइक फिरलाच नाही."

त्यांनी काचेतून सभागृहाकडे पाहिलं. "मला इथून कोण बोलतंय ते दिसत नाही, सर. कानात येतं ते मी टाइप करते. सर्दी झाल्यासारखा आवाज आहे. विचारून झालं की जरा थांबते, उत्तराची वाट बघत असल्यासारखी." मग त्या कामाचं बोलल्या. "उद्या तुमचं आहे ना? नंतर भाषणाची प्रत येईल. नीट वाचून मंजूर करा हं. लोक न वाचताच बटण दाबतात."

शंकासुराला बारमाही सर्दी असायची. टिश्यूचा डबा तिच्या टेबलावर कायमचा असायचा.

मी बाहेरच्या जिन्यात जाऊन तिच्या आईला फोन लावला.

"काकू, ती घरी आहे?"

"हो, ही काय, समोर झोपलीय. रोज दुपारी या वेळेला डोळा लागतो तिचा." काकूंनी आवाज खाली आणला. "हल्ली झोपेत बडबडते हो. सारखं एकच विचारते कोणाला तरी."

काय विचारते, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्या संध्याकाळी मी ती स्लाइड दोनदा बदलली. 'मूळ कारण: कोड न वाचता दिलेली मंजुरी.' वाचून बरं वाटलं, खरंच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. मग डोळ्यांसमोर कंपनी आली, बढती आली. पुढच्या महिन्यात मी पूर्ण विभागाचा प्रमुख होणार होतो. मी जुनी स्लाइड परत आणली.

तिसरा दिवस. चारशे खुर्च्या, एकही रिकामी नाही. सुरुवात झकास झाली. लोक हसत होते, टिपून घेत होते. पावणेतीनला मी त्या स्लाइडवर आलो आणि तोंड उघडलं.

पडदा माझ्या आधी बोलला.

'दादा, वाचलंत का?'

या वेळी ओळ सरकली नाही.

चारशे माना पडद्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

त्या दोन अक्षरांसाठी मी श्वासही घेतला होता.

"यंत्राकडूनही चुका होतात," मी हसत म्हणालो. "बहुतेक नवखं दिसतंय."

हशा पिकला. टाळ्याही पडल्या. मागे काचेआड बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

सोमवारी ऑफिसात भाषणाची प्रत आली. बावीस पानं, 'वाचून मंजुरी द्यावी.' एकोणीस वर्षांत वाचलं नव्हतं असं मी ते वाचलं, ओळीवर बोट ठेवून, दोनदा. पावणेदोन तास गेले. माझं वाक्य होतं, माझा विनोद होता, पुढे कंसात 'हशा' होता. तिचा प्रश्न कुठेही नव्हता. मी बटण दाबलं. पोच आली ती न उघडताच बाजूला सारली.

मंगळवारी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या.

"परिषदेच्या साइटवर आलंय तुमचं भाषण. तिने सगळं वाचलं, मलाही वाचून दाखवलं. शुक्रवार, घाई, शेवटच्या पानावरचा तिचा प्रश्न, काही म्हणजे काही लपवलं नाहीत. स्वतःवर असं घ्यायला मोठं मन लागतं हो. काल दुपारी गाढ झोपली, एक शब्द बोलली नाही झोपेत. आज मुलाखतीला गेलीय."

"काकू, मी..." मी म्हणालो. त्यांनी आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

मी ती पोच शोधून उघडली. दोनच ओळी होत्या.

'मंजुरी नोंदवली. पानं सत्तावीस.

वाचनाला लागलेला वेळ: चार सेकंद.'