रिकाम्या डब्याचं वजन

आमची दुपारची गाडी एकाच डब्याची. काचा रोज पुसलेल्या, गाद्या मऊ, वेळ कधी चुकत नाही, आणि भाडं इतकं कमी की त्यात धड चहासुद्धा येऊ नये. नोकरी संपली तरी मी तिनं शेवटच्या स्थानकापर्यंत जाते. तिथल्या जुन्या मालगोदामात माझा वर्ग भरतो. वाटेतल्या वस्त्यांवरची मुलं गाडीत चढतात आणि त्यांच्या बडबडीत माझं म्हातारपण कुठे जातं, मला कळत नाही.

माझी भाची रेल्वेत तपासनीस आहे. एकदा ती आमच्याच गाडीवर आली, तोंड पाडून.

"मावशी, गाडी सुरेख ठेवलीय गं. पण बसायला माणसं कुठायत? तुम्हा सगळ्यांना रोज टॅक्सीनं पोचवलं तरी सरकारला स्वस्त पडेल."

"मग पोचवा की."

"हसू नकोस. डबा निम्मा तरी भरला नाही तर पुढच्या महिन्यात गाडी बंद. आणि ते मी ठरवत नाही. हे ठरवतं."

तिनं दारावरच्या छोट्या पडद्याकडे बोट केलं. डब्याखाली हवेच्या स्प्रिंगा असतात. माणसं चढली की त्या दबतात आणि पडद्यावरची हिरवी पट्टी वाढते. डोकी मोजताना चुका होतात, म्हणून त्यांच्या खात्यात डोकी मोजतच नाहीत.

रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. गाडी गेली की वर्गही गेलाच.

पण पट्टी पार टोकाला भिडली होती.

भाचीनं डब्यावर नजर फिरवली. निम्म्याहून जास्त बाकं रिकामी होती. "यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं नवीन यंत्र बसवलं. पट्टी पुन्हा टोकाला.

मग पुढच्या थांब्यावर तिनं आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. चालकानं खिडकीतून डोकं काढलं.

"ताई, उतरवा हवं तर. पण ही रिकामी गाडी थांबवायला मला रोज भरल्या गाडीचा ब्रेक का मारावा लागतो, तेवढं सांगा."

आम्ही फलाटावर उभे होतो. डब्यात कुणी नव्हतं. पट्टी जराशी मागे आली, आमच्यापुरती.

पुन्हा चढलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलं दाराजवळ घोळका करून उभीच राहिलीत. रोज अशीच राहत असणार. मी आपली त्यांना गोष्टी सांगण्यात गुंग.

"उभे का रे? एवढी जागा आहे की."

सगळ्यांत धाकटीनं डबाभर पाहिलं. "कुठंय बाई?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

भाची बसायला निघाली होती, ती तशीच थांबली.

"काय कळवणार आहेस वर?" मी हळूच विचारलं.

"पट्टी दाखवतेय तेच. आमच्यात डोकी मोजत नाहीत, मावशी."

गाडी वाचली. नुसती वाचली नाही, गर्दी फार म्हणून दुसरा डबाही जोडला. मुलं आता ऐसपैस बसतात. पहिल्या दिवशी मी इतकी खूश होते की कुणाला गृहपाठच दिला नाही.

काल वर्ग सुरू करणार, तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"मावशी, गंमत सांगू? आधी शेवटच्या स्थानकावरसुद्धा वजन डब्यातच राहायचं. आता तिथं सगळं उतरतं. काय आहे गं तिथं उतरण्यासारखं?"

"माझा वर्ग," मी म्हटलं.

फोन ठेवला. गोदाम लांबलचक आहे. मुलं पुढे मांडीला मांडी लावून दाटीवाटीनं बसली होती.

'मागे सरका' असं ओठावर आलं. मी ते गिळलं.

"चला, सातचा पाढा," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं, मागे ऐकू जावं म्हणून.

पाढा म्हणण्याआधी मुलं छाती भरून श्वास घेतात. त्यांनी घेतला.

मग, क्षणभर उशिरानं, मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांनी घेतला.